वाचक विचारतात : सलाईननं चक्कर थांबली की आपोआप?

या महिन्यात चकरेवरचीच पत्रं जास्त आलीत. तीन निवडली. पहिल्याला जागा जास्त दिली कारण त्यातला प्रश्न आजवर कोणी मला विचारलाच नव्हता.

प्रश्न : मॅडम, माझी माय 61 वर्षांची हाये. दिवाळीपासून तिले भोवळ येते. झोपीत कुशीवर वळली की घरावरचे टिनं फिरते म्हणते, पऱ्हाटीत कापूस वेचाले वाकली तरी तसंच. गावातल्या डॉक्टरनं तीनदा सलाईन लावली, आठ-दहा दिवसात बरं वाटते अन् मंग पुन्हा. आता मेडिकल कॉलेजात नेलं तर तिथं म्हणतात एक अभ्यास चालू हाये, सही करा, चिठ्ठी निघन तशी ट्रीटमेंट, अर्ध्या लोकायले खरी अन् अर्ध्यायले नुसतं डोकं हलवल्यासारखं. काका म्हणते तुह्या मायवर प्रयोग करून राहिले. सही कराव का नाही? (वणी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : दादा, आधी मायचा आजार सांगते, मग सहीचं बोलू. मी तिला तपासलेलं नाही, पण कुशीवर वळताना, खाली वाकताना, वर बघताना अर्धा-एक मिनिट सगळं गरगरतं आणि मग थांबतं, हे वर्णन बहुतेक वेळा एकाच आजाराचं असतं. कानाच्या आत खूप खोलवर तोल सांभाळणारा भाग आहे, तिथं कॅल्शियमचे बारीक बारीक कण असतात. ते जागेवरून सुटले की शेजारच्या अर्धगोल नळीत जाऊन पडतात, मग डोकं हललं की ते घरंगळतात आणि मेंदूला वाटतं माणूस फिरतोय. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात. बीपीशी याचा संबंध नाही, अशक्तपणाशी तर नाहीच नाही, म्हणून सलाईनचा इथं उपयोग नसतो.

मग तुम्ही म्हणाल मायला सलाईननं बरं कसं वाटलं? सगळा मुद्दा इथंच आहे. हे कण पुष्कळ लोकांत काही दिवसांत, काही आठवड्यांत आपोआप जागेवर जातात किंवा विरघळतात. त्या काळात सलाईन लावली तर सलाईनला श्रेय, अंगारा लावला तर अंगाऱ्याला, माझी गोळी घेतली तर मला. जो आजार स्वतःहून कमी-जास्त होतो त्यात कशानं बरं वाटलं हे एका माणसाकडं बघून कोणालाच सांगता येत नाही, ना तुमच्या गावच्या डॉक्टरला ना मला. त्यासाठी सारखाच आजार असलेली बरीच माणसं घ्यावी लागतात, चिठ्ठी टाकून दोन भाग करायचे, एका भागाला खरा उपचार आणि दुसऱ्याला तसाच दिसणारा खोटा, आणि मग मोजायचं. चिठ्ठी यासाठी की डॉक्टरनं आपल्या मनानं बऱ्यातले पेशंट एका बाजूला टाकू नयेत.

या आजाराचा खरा उपचार म्हणजे डोकं ठराविक क्रमानं फिरवणं, ते आलं कुठून तेही सांगते. 1952 साली डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनी हा आजार खाटेवर झोपवून कसा ओळखायचा ते नीट लिहून ठेवलं, पण उपाय चांगला सापडत नव्हता. अमेरिकेतले जॉन एप्ली म्हणाले की डोकं ठराविक क्रमानं फिरवलं तर कण नळीतून बाहेर काढता येतात, आणि बरोबरीचे डॉक्टर कितीतरी वर्षं त्यांच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. त्यांचा पेपर 1992 मध्ये छापून आला आणि पुढं ठिकठिकाणी खऱ्या-खोट्याची तुलना झाली तेव्हा कुठं जग मानलं. त्या अभ्यासांमध्ये कुठल्या तरी बायामाणसांनी सही केली होती म्हणून आज मी ते बिनधास्त करू शकते.

माझ्याकडं सेलूकडच्या एक आजी आल्या होत्या. सात महिने भिंतीला टेकून बसूनच झोपायच्या, आडवं व्हायची भीती. खाटेवर पाय लांब करून बसवलं, मान उजवीकडं वळवली आणि झपकन मागं झोपवलं, डोकं खाटेच्या कडेखाली थोडं लोंबतं. तीन-चार सेकंद काही नाही, मग एकदम डोळ्यांची बुबुळं नाचायला लागली आणि आजींनी माझी बाही अशी घट्ट धरली की शिवण उसवली. नाचणं थांबेपर्यंत तसंच धरून ठेवलं, मग डोकं डावीकडं, मग अख्खं अंग कुशीवर करून नाक जमिनीकडं, मग हळू उठवून बसवलं. पाच मिनिटाचं काम. पुढच्या आठवड्यात आल्या तर म्हणाल्या, बाई मी पालथी झोपली! हे फोनवर व्हिडिओ बघून घरी करू नका मात्र, कुठला कान आहे ते आधी कळावं लागतं आणि मानेचा मणका दुखावलेला असला तर फार जपून करावं लागतं.

आता सही. काकांचा राग मला समजतो, आपल्या भागात गरीब माणसाला न विचारता खूप काही केलं जातं, पण इथं तुम्हाला विचारलं आहे हा चांगला भाग आहे. सही करण्याआधी कागद मराठीत मागा, घरी न्या, मायला वाचून दाखवा कारण सही तिची आहे, तुमची नाही. हे प्रश्न विचारा : खोट्या भागात माय गेली तर तिला खरा उपचार किती दिवसांनी देणार? (माझ्या मते हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, त्याच दिवशी किंवा काही दिवसांत देतो म्हटले तर मला हरकत वाटत नाही, दोन महिन्यांनी म्हटले तर मी माझ्या आईला पाठवणार नाही.) मधेच सोडलं तर नेहमीचा उपचार मिळेल ना? तो मिळालाच पाहिजे, कधीही सोडायचा हक्क आहे. काही इजा झाली तर खर्च कोणाचा? येण्याजाण्याचं भाडं? कॉलेजच्या एथिक्स कमिटीचा, म्हणजे अभ्यासात पेशंटवर अन्याय होऊ नये हे बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर कागदावर आहे का? आणि अभ्यासाचा नोंदणी नंबर मागा. आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 2007 मध्ये अशा अभ्यासांची देशाची नोंदवही सुरू केली, नंबर सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो, मोबाईलवर कोणालाही फुकट बघता येतो. उत्तरं नीट मिळाली तर करा सही. नाही केली तरी एप्लीचा उपचार तिथंच मागायचा, तो अभ्यासात नसलेल्यांनाही मिळतो.

पुन्हा पुन्हा होतं म्हणता तर व्हिटॅमिन डी तपासून घ्या. दक्षिण कोरियात साडेनऊशेच्या वर पेशंटचा अभ्यास 2020 मध्ये आला, ज्यांचं डी कमी होतं त्यांना वर्षभर डी आणि कॅल्शियम दिलं तर पुन्हा चक्कर येण्याचं प्रमाण 24 टक्क्यांनी उतरलं. फार मोठा चमत्कार नाही, पण गोळी स्वस्त आहे आणि तुमच्या मायच्या वयात हाडांसाठीही कामाची.

आणि चकरेसोबत बोबडी वळली, एक हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसायला लागले किंवा उभंच राहता येईना, तर हा कानाचा आजार समजू नका, तो लकवा असू शकतो, सरळ मोठा दवाखाना.

प्रश्न : मला 6 वर्षांपासून चकरेची बीटाहिस्टिन गोळी चालू आहे. अटॅक आला की दोन-तीन तास उलट्या, डाव्या कानात घूं घूं आवाज आणि कान भरल्यासारखा. हल्ली नेटवर वाचलं की ही गोळी बेकार आहे. बंद करू का? (एक शिक्षिका, दर्यापूर)

उत्तर : ताई, तुम्ही वाचलं ते बहुतेक जर्मनीतल्या अभ्यासाबद्दल असावं, 2016 मध्ये छापून आला. तुम्ही लिहिलं तसे अटॅक ज्यात येतात त्या मेनिएर नावाच्या कानाच्या आजाराच्या 221 पेशंटचे तीन भाग केले, एकाला कमी डोस, एकाला जास्त, एकाला नुसती रिकामी गोळी, 9 महिने. अटॅक तिन्ही भागांत कमी झाले आणि तिघांत फरक दिसला नाही. म्हणजे वरच्या दादांच्या सलाईनसारखंच झालं की. पण म्हणून स्वतःच्या मनानं आज बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांशी बोला. मला जास्त खटकलं ते हे की पत्रात ऐकण्याच्या तपासणीचा कुठं उल्लेखच नाही. मेनिएरमध्ये ऐकू येणं हळूहळू जातं आणि ऑडिओग्राम काढल्याशिवाय हे निदान पक्कं म्हणताच येत नाही, 6 वर्षांत एकदाही काढला नसेल तर याच आठवड्यात काढा, अमरावतीला होतो. मीठ कमी करा असं आम्ही सगळेच सांगतो, पुरावा त्याचाही भक्कम नाही, पण ठेचा-पापड थोडा कमी केल्यानं नुकसान काही नाही.

प्रश्न : मोठा भाऊ 34 वर्षांचा. परवा सकाळी उठला तर उजव्या कानानं ऐकूच येईना. वारं लागलं म्हणून आई कोमट तेल टाकून राहिली. किती दिवस वाट पाहावी? (समुद्रपूर)

उत्तर : एक दिवसही नाही. तुमचा नंबर पत्रावर होता म्हणून मी फोन केला, इथं बाकीच्यांसाठी लिहिते. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर त्यात मळ असू शकतो किंवा आतली नस गेलेली असू शकते. तोंड मिटून म्‌म्‌म् असं गुणगुणायला सांगा. आवाज बंद कानात घुमला तर बहुधा मळ किंवा पडद्याचं काहीतरी, चांगल्या कानाकडं गेला तर नसेची शंका. तुमचा भाऊ फोनवर म्हणाला, डावीकडं. नसेला स्टेरॉइड द्यावं लागतं आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत, जितकं लवकर तितकं बरं, नंतर हातात फार काही उरत नाही. तेल बंद. उद्या पहिल्या एसटीनं सेवाग्राम, आणि कान-नाक-घशाच्या ओपीडीत चिठ्ठी काढतानाच सांगा की ऐकणं अचानक गेलं, आज तिसरा दिवस आहे.