रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग पोरगी सोंग करते का?

"मॅडम, खरं सांगा, पोट्टी सोंग करून रायली का? सारे रिपोर्ट नारमल आले. मंग पडते काऊन?"

दर बुधवारी आमच्या उपजिल्हा रुग्णालयात मी समुपदेशनाला बसते, तिथं हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. कधी आई विचारते, कधी नवरा, कधी सासू. झटके येणारी पेशंट बहुतेक वेळा शेजारीच मान खाली घालून बसलेली असते. या प्रश्नाचं उत्तर मी एका मुलीच्या गोष्टीतून देणार आहे. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

यवतमाळ-अमरावतीच्या सीमेवरचा आमचा तालुका. मुलगी अकरावीत, वसतिगृहात राहणारी. गणपतीपासून झटके सुरू झाले होते. सकाळी हजेरीच्या वेळी पडायची, डोळे घट्ट मिटून घ्यायची, हातपाय झाडायची, कधी दहा मिनिटं, कधी वीस. मग रडायची. मुली कांदा हुंगवायच्या, चप्पल हुंगवायच्या. एका डॉक्टरांनी मिरगीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. एका महाराजांकडेही नेऊन झालं होतं. सिटी स्कॅन, ईईजी, रक्त, सगळं नॉर्मल. दिवाळीनंतर आई आणि आजी तिला घेऊन माझ्याकडे आल्या.

पहिल्याच दिवशी माझी मोठी चूक झाली. बाकावर वीस-पंचवीस माणसं बसलेली. मी केसपेपर हातात घेतला, नाव पुकारलं आणि पत्त्याची खात्री करायला मोठ्यानं विचारलं, "पारधी बेड्यावरची ना?" बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. दोन-तीन माना वळल्या. एका बाईनं आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली. मुलगी उठली, दोन पावलं चालली आणि दारातच कोसळली. तिच्या आजाराचं कारण तेव्हाच माझ्यासमोर होतं, पण मला ते कळायला आणखी तीन भेटी लागल्या.

त्या तीन भेटींत मी ठरलेले प्रश्न विचारले. अभ्यासाचं टेन्शन? घरी भांडणं? कोणी मुलगा त्रास देतो? सगळ्याला "नाही". चौथ्या भेटीत मी त्या दिवसाच्या पुकारण्याबद्दल तिची माफी मागितली. ती बराच वेळ टेबलाची कड नखानं खरवडत राहिली आणि मग बोलायला लागली.

तिचं आडनाव पवार. विदर्भात पवार, भोसले, चव्हाण, काळे ही आडनावं मराठ्यांतही आहेत आणि पारध्यांतही. वसतिगृहात दोन महिने कोणी काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मग ऑगस्टमध्ये शिष्यवृत्तीची यादी सगळ्यांसमोर वाचली गेली, नावापुढे जमातीसकट. तिच्या नावापुढे 'फासे पारधी'. पंधरा दिवसांनी एका मुलीचे सहाशे रुपये दिसेनात. पहिली पेटी हिची उघडली गेली, आणि फक्त हिचीच.

पेटीतून काय काय निघालं, हे तिनं मला मोजून सांगितलं. दोन ड्रेस, साबणाची अर्धी वडी, शाम्पूच्या चार पुड्या, आईचा फोटो. आणि आजोबांनी वळलेला एक जुना फासा: बांबूची छोटी खुंटी, तिला बारीक दोरीचा फास. तितर, लावा धरायला असे फासे लावायचे, म्हणून 'फासे' पारधी. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. हा एवढा फासा आजोबांची आठवण म्हणून तिनं पेटीच्या तळाशी ठेवला होता. एकीनं तो चिमटीत उचलून धरला आणि विचारलं, "यानं कुलूप उघडते का?"

पैसे चार दिवसांनी त्या मुलीच्याच वहीत सापडले. हे हिला कोणी सांगितलं नाही. धुणं धुताना दोघी बोलत होत्या, तेव्हा हिच्या कानावर आलं.

झटके त्याच आठवड्यात सुरू झाले.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. सोंग म्हणजे ठरवून केलेली गोष्ट. हे झटके ठरवून येत नाहीत. डॉक्टर त्यांना डिसोसिएटिव्ह किंवा फंक्शनल झटके म्हणतात. माणूस अशा कोंडीत सापडतो की पळता येत नाही, भांडता येत नाही, बोलायचीही सोय नाही. अशा वेळी मेंदू काही मिनिटं शरीरावरचा ताबा सोडतो. स्कॅनमध्ये मेंदूची रचना दिसते, ईईजीत विजेचा आलेख दिसतो. अपमान दोन्हींत दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल येणं आणि त्रास खरा असणं, दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून मिरगी नाहीच, असंही घरच्या घरी ठरवू नका. मिरगीच्या माणसाचा ईईजी दोन झटक्यांच्या मधल्या काळात नॉर्मल येऊ शकतो, आणि काहींना दोन्ही प्रकारचे झटके येतात. डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग होतो तो मोबाइलवर काढलेल्या झटक्याच्या व्हिडिओचा. डोळे उघडे होते की मिटलेले, झटका किती वेळ चालला, जीभ चावली का, कपड्यांत लघवी झाली का, हे त्यावरून कळतं. हिचा व्हिडिओ मैत्रिणीनं काढला होता. आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी तो पाहिला आणि फिजिशियनशी बोलून गोळ्या हळूहळू उतरवत बंद केल्या. त्या कोणीही आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

झटका आला तर कुशीवर वळवा, गर्दी पांगवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका. कांदा आणि चप्पल तर नकोच. पहिलाच झटका असेल किंवा पाच मिनिटांत थांबत नसेल तर 108 ला फोन करा. हे फंक्शनल झटकेच आहेत असं डॉक्टरांनी सांगितलेलं असेल, तर जवळ बसून हळू आवाजात एवढंच म्हणत राहा, "तू सुरक्षित आहेस, मी इथं आहे."

आईचा दुसरा प्रश्न होता लग्नाचा. "लग्न करून देलं की झटके जातात म्हणतात सारे." मी स्पष्ट सांगितलं, लग्न हा या आजाराचा इलाज नाही, आणि सोळाव्या वर्षी तर तो गुन्हा आहे. आई गप्प झाली. तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. पोरीचं कोणी काही बोलायच्या आत तिला कुठंतरी लावून द्यावं, या भीतीनं ती तसं म्हणत होती.

पुढचं आजी बोलली. तिच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं होतं. "पोलिसात हजेरी द्या लागे, माय. गावाबाहेर जायचं त परवाना. कुठी बी चोरी झाली का गाडी पयले आमच्याच बेड्यावर." इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अशा कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. आजीची नात हजेरीच्या वेळी पडते, हे ऐकताना माझ्या हातातलं पेन थांबलं. मुलीनं मात्र पहिल्यांदाच आजीकडे सरळ पाहिलं. आपल्यातच काही खोट आहे, असं ती तीन महिने समजत होती. त्या दिवशी तिला कळलं की पेटी उघडण्याची ही रीत तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे.

आम्ही झटक्याआधीची खूण शोधली. हात गार पडतात, कानात शिट्टी वाजते. तेवढ्या वेळात काय करायचं ते ठरवलं: पाय जमिनीवर दाबायचे, पाच वस्तूंची नावं घ्यायची, आवाज ऐकायचे. आवाजांत ती माझ्यापेक्षा फारच हुशार निघाली. खिडकीबाहेरच्या पडीक रानातून आवाज आला तशी म्हणाली, "तितर. दोन आहेत." मला एकच ऐकू आला होता. आजोबांनी शिकवलेली शीळ तिनं हलकेच घालून दाखवली. मग तेच आमचं औषध झालं. हात गार पडले की ती मनातल्या मनात ती शीळ आठवते.

पण मी हे ठामपणे म्हणते की श्वासाच्या आणि आवाजाच्या व्यायामानं अर्धंच काम होतं. उद्या पुन्हा पैसे हरवले आणि पुन्हा तिचीच पेटी उघडली, तर कोणतं समुपदेशन पुरणार? म्हणून मी तिला विचारलं, तुला काय हवं? मला वाटलं होतं, त्यांनी माफी मागावी असं म्हणेल. ती म्हणाली, "पैसे सापडले, एवढं ज्यांच्यासमोर पेटी उघडली त्यांच्यासमोर सांगा." तिच्या संमतीनं मी वसतिगृहात गेले. पहिल्यांदा टाळाटाळ झाली. दुसऱ्या वेळी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर दोन वाक्यांत सांगितलं गेलं. यापुढे पेट्या तपासायच्या तर सगळ्यांच्या, हेही ठरलं.

"आता सगळ्यांना सांगू का, मी पारधी आहे म्हणून?" असं तिनं विचारलं होतं. मी सांगितलं, ते तू ठरव. जिथं सुरक्षित वाटतं तिथं सांग. जिथं नाही तिथं गप्प राहिलीस तर ते खोटं बोलणं होत नाही. तिनं आतापर्यंत एकाच मैत्रिणीला सांगितलं आहे. व्हिडिओ काढणारी तीच.

झटके पूर्ण गेलेले नाहीत. आठवड्याला चार-पाच होते, मार्चमध्ये एक आला, परीक्षेच्या आदल्या दिवशी. आमच्यासारखी सोय जवळ नसेल त्यांनी 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करावा. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

मागच्या बुधवारी नवा केसपेपर काढायचा होता. मी तो तिच्याकडे सरकवला आणि पत्ता तिलाच लिहायला सांगितला. जुन्या कागदावर कारकुनानं नुसतं 'पारधी बेडा' लिहिलं होतं. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, "बेड्याला नाव आहे, मॅडम." मग सावकाश, एकेक अक्षर सुटं ठेवत, तिनं ते लिहिलं. ते मी इथं देत नाही.