रॅम घेण्याआधी आपलं मशीन वाचा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. २०१८ मध्ये घेतलेला लॅपटॉप आहे : आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. निकालाच्या एक्सेल शीट, यू-डायसची माहिती भरणं आणि अधूनमधून ऑनलाइन मीटिंग एवढंच काम असतं. पण तीन गोष्टी एकत्र उघडल्या की लॅपटॉप हँग होतो. दुकानदार म्हणतात, जुनी रॅम काढून टाका आणि १६ जीबीच्या, ३२०० स्पीडच्या दोन पट्ट्या घाला, ‘पुढची पाच वर्षं बघायला नको’. खर्च ऐकून मागे फिरले. तुम्ही मागे एका उत्तरात सांगितलं होतं तसं टास्क मॅनेजरमध्ये (मशीनचा कुठला भाग किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) पाहिलं, तर मेमरी ९१ टक्के आणि डिस्क १०० टक्के दिसली. काय करू?

उत्तर : बाई, मागे फिरलात ते बरं झालं. आणि आकडे बघून कळवलेत, त्यामुळे तुमचं निदान अर्धं झालेलंच आहे.

मेमरी म्हणजेच रॅम, चालू काम ठेवायची तात्पुरती जागा. ती ९१ टक्के भरतेय, म्हणजे ४ जीबी तुम्हाला खरंच अपुरी पडतेय. रॅममध्ये जागा उरली नाही की विंडोज तिथला काही भाग डिस्कवर टाकतं आणि लागेल तेव्हा परत उचलतं. तुमची डिस्क जुनी, फिरणाऱ्या तबकडीची आहे. तिला ही ये-जा झेपत नाही, म्हणून ती १००वर जाऊन बसते आणि माऊसचा बाणसुद्धा अडकत चालतो. डिस्क १०० टक्के पण मेमरी ५०-६० टक्केच असती, तर मी तुम्हाला रॅम घ्यायला सांगितलंच नसतं. तुमच्याकडे दोन्ही दुखणी आहेत. उपाय असा : ८ जीबीची एकच पट्टी आणि हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली, वेगवान डिस्क). ३२ जीबी रॅम घालून तीच हार्ड डिस्क ठेवलीत, तर लॅपटॉप सकाळी सुरू व्हायला आत्ताइतकाच वेळ घेईल. एक्सेल आणि ब्राउझरसाठी ३२ जीबी लागत नाही. ती व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांची गरज आहे.

आता जुनी ४ जीबी काढून टाकण्याबद्दल. ती चालू आहे, तर काढायची कशाला? तुमच्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ४ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली (डाग देऊन कायमची चिकटवलेली) असते आणि शेजारी पट्टी बसवायचा एक स्लॉट रिकामा असतो. म्हणजे ‘काढून टाका’ हा सल्ला काही मशीनवर शक्यच नसतो. हे घरबसल्या कळतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’वर क्लिक करा. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे १ ऑफ २ असं काही दिसेल. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘सोडिम’ असेल तर पट्टी निघते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डाला चिकटलेली आहे. तरी मी मागचं झाकण उघडून डोळ्यांनी खात्री करून घेते, कारण हा आकडा काही मशीनवर चुकीचा दाखवला जातो.

४ आणि ८ अशी विषम जोडी चालते का, हे मला सतत विचारलं जातं. चालते. इंटेलच्या या प्रोसेसरवर जुन्यातली ४ आणि नव्यातली ४ जीबी जोडीने, म्हणजे ड्युअल चॅनेलमध्ये काम करते. नव्यातली उरलेली ४ एकटी चालते. एकूण १२ जीबी मिळते आणि तुमच्या कामाला ती भरपूर आहे.

आता ३२०० या आकड्याकडे या, कारण इथेच खिशाला चाट बसते. तुमचा प्रोसेसर आय-५ ८२५०यू असेल (त्या वर्षीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा हाच असायचा), तर तो डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी) मेमरी जास्तीत जास्त २४००ने चालवतो. ३२००ची पट्टी घातलीत तरी ती २४००वरच उतरते. पट्टीचं त्यात काही बिघडत नाही, फक्त जादा वेगाचे पैसे वाया जातात. मात्र हेही सांगते : नवी २४००ची पट्टी आता दुकानात सहजी मिळत नाही, आणि ३२००ची पट्टी त्याच भावात किंवा स्वस्तात मिळत असेल तर बिनधास्त घ्या. जास्त आकड्यासाठी जास्त पैसे मात्र मोजू नका.

दुकानात जाताना झाकण उघडून जुन्या पट्टीच्या लेबलाचा फोटो काढून न्या. रॅम सोल्डर केलेली असेल तर लॅपटॉपच न्या. लेबलावर ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-एसए१-११’ अशा धाटणीचा मजकूर असतो. पीसी४ म्हणजे डीडीआर४, २४०० हा वेग आणि एसए१मधला ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची आखूड पट्टी. डेस्कटॉपच्या लांब पट्टीवर तिथे ‘यू’ असतो. काही कंपन्या वेगाऐवजी पीसी४-१९२०० असं छापतात. त्या आकड्याला ८ने भागलं की २४०० येतात. पीसी४-२५६०० म्हणजे ३२००. एवढं वाचता आलं की काउंटरवर कुणी काहीही गळ्यात मारू शकत नाही.

भावाबद्दल नाराज होऊ नका, तो तुमच्या दुकानदाराने एकट्याने वाढवलेला नाही. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. त्यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे वळवली आणि २०२५च्या उत्तरार्धात साध्या रॅमचे भाव चढत गेले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ‘आत्ता जास्तीची घेऊन ठेवू, पुढे लागेल’ हा विचार त्यामुळे या घडीला महागात पडतो. आज लागते तेवढीच घ्या.

सेकंडहँड पट्टीला माझा विरोध नाही. रॅममध्ये झिजणारा भाग नसतो, आणि चांगल्या लॅपटॉपमधून काढलेली सॅमसंग किंवा हायनिक्सची पट्टी वर्षानुवर्षं चालते. पण ती समोर मशीनमध्ये घालून दाखवायला सांगा, बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या आणि पट्टीचा सीरियल नंबरही बिलावर टाकून घ्या. नवी घेत असाल तर जीएसटीचं पक्कं बिल हवंच. बिलाशिवाय १८ टक्के वाचतात असं वाटतं, पण रॅमवर कंपन्या अनेक वर्षांची वॉरंटी देतात आणि ती मिळवायला हाच कागद लागतो.

बसवताना चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा, बॅटरीची वायर सोडवा आणि आधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावा. पट्टीची खाच स्लॉटच्या दातासमोर आणून ती तिरकी आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ करून बसल्या पाहिजेत. तिच्या कडेच्या सोनेरी रेघांचा बराच भाग बाहेर दिसत असेल तर ती नीट बसलेली नाही. त्याच रात्री स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून तपासणी लावा. दोष असला तर तो बदलून मिळण्याच्या मुदतीतच सापडायला हवा.

तुमचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसतो. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, तेव्हा एसएसडी टाकतानाच ११ घालून घ्या.

प्रश्न : फोंड्यात माझं डीटीपीचं छोटं काम आहे, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. डेस्कटॉप जुना आहे, तिसऱ्या पिढीचा आय-३. ४ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत, पण विंडोज ‘८ जीबी, वापरण्याजोगी ३.४६’ असं दाखवतं. ऑनलाइन डीडीआर३ची ८ जीबी पट्टी फारच स्वस्त दिसली. घेऊ का?

उत्तर : अजिबात घेऊ नका. तुमच्याकडे रॅम आहे, ती वापरली जात नाहीये. विंडोज ३२ बिटचं असणार. ते ४ जीबीपलीकडचे पत्ते मोजू शकत नाही आणि त्यातलीही काही जागा ग्राफिक्स व इतर उपकरणांना राखून ठेवतं. ‘सिस्टम टाइप’मध्ये बघून खात्री करा. ६४ बिट विंडोज नव्याने घातलंत की एक रुपयाची पट्टी न घेता तुमची मेमरी दुप्पट होईल.

घाई मात्र नको. डीटीपीवाल्यांचा जीव जुन्या प्रिंटरमध्ये आणि फाँटच्या सॉफ्टवेअरच्या डोंगलमध्ये (ते चालायला कॉम्प्युटरला जोडावी लागणारी चावी) अडकलेला असतो. दोन्हींचे ६४ बिट ड्रायव्हर (ती उपकरणं चालवणारी सॉफ्टवेअर) मिळतात का, ते आधी पाहा. शक्य असेल तर आत्ताची डिस्क जशीच्या तशी बाजूला ठेवून नव्या एसएसडीवर विंडोज घाला. लग्नसराईत काही अडलं तर जुनी डिस्क जोडून त्याच दिवशी काम सुरू करता येईल.

त्या स्वस्त पट्टीचं वर्णन शेवटपर्यंत वाचा. ‘फक्त एएमडीसाठी’ असं बारीक अक्षरात असेल, तर ती तुमच्या इंटेलच्या बोर्डावर चालणार नाही. लेबलावर ‘ईसीसी रजिस्टर्ड’ किंवा ‘यू’च्या जागी ‘आर’ असेल, तर ती सर्व्हरमधून काढलेली आहे. स्लॉटमध्ये बसेल, पण मशीन उठणार नाही. अशा पट्ट्या स्वस्त असतात त्या याच कारणाने.

प्रश्न : मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला जातेय. पातळ, हलका लॅपटॉप पसंत केलाय, ८ जीबीचा. ‘नंतर वाढवता येते’ असं विक्रेता म्हणतो. खरं आहे का?

उत्तर : त्याच मॉडेलबद्दल लेखी दाखवायला सांगा. तपशिलात मेमरीपुढे ‘एलपीडीडीआर’ लिहिलं असेल, तर ती जवळजवळ नेहमीच सोल्डर केलेली असते आणि नंतर वाढत नाही. मॅकबुकचंही तसंच. ऑक्टोबर २०२४पासून एअर निदान १६ जीबीपासून सुरू होतो, पण दुकानात जुना ८चा साठा सवलतीत दिसला तर तो तिच्यासाठी घेऊ नका. ‘८ ऑनबोर्ड आणि एक सोडिम स्लॉट’ असं लिहिलेलं असेल तर विक्रेता खरं बोलतोय. तो घ्या, पहिलं सेमिस्टर ८ वर काढू द्या. कॉलेजमध्ये कुठली सॉफ्टवेअर लागतात ते कळलं आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५-९०वर राहू लागली, की तिलाच सांगा पट्टी शोधायला.