अर्धी भट्टी

"मॅडम, चालू ठेवू की बंद करू, एवढंच सांगा."

हात आखडता घेण्याचे दिवस आले की छोटा व्यवसाय चालवणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, आणि पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य येतंच. कुणाचं शिवणकाम असतं, कुणाचा नृत्याचा वर्ग, कुणाचं पुस्तकांचं दुकान. याचं उत्तर देणं माझं काम नाही असं सांगितलं की समोरचा माणूस जरा खट्टू होतो. ही हकिगत अशाच एका खट्टू झालेल्या बाईची आहे. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिचा पॉटरी पेंटिंगचा स्टुडिओ. पाच वर्षं चाललेला, एक मदतनीस मुलगी, एक विजेची भट्टी. लोक येतात, फळीवरचं एकदा भाजलेलं कोरं भांडं उचलतात, टेबलाशी बसून रंगवतात आणि तिथेच सोडून जातात. मग ही ते पारदर्शक ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपात, बुडवते, भट्टीत लावते आणि आठवड्याभराने चकचकीत मग किंवा थाळी त्यांच्या हातात देते. ऐकायला सोपं आहे. पण जागेचं भाडं दोन माणसं आली तरी तेवढंच आणि वीस आली तरी तेवढंच. कोरी भांडी आधी पैसे मोजून भरून ठेवावी लागतात. आणि घरात खर्चाला कात्री लागते तेव्हा शाळेची फी आणि औषधं राहतात, रविवारी मुलांना घेऊन भांडी रंगवायला जाणं पहिल्या फटक्यात जातं.

हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी रिकाम्या टेबलांकडे बघून तिच्या मनात यायचं ते वेगळंच: "मी लोकांना नकोशी झालेय."

पहिल्या भेटीत ती तासभर धंद्याबद्दल बोलली आणि त्या तासात एकही आकडा आला नाही. 'तसं बरं चाललंय', 'मधे जरा कमी होतं', 'सुट्टीत वाढेल'. मागच्या महिन्यात किती आले, असं मी सरळ विचारलं. "बघावं लागेल." बघितलं नव्हतं, चार महिने. बँकेचे मेसेज ती न उघडता पुसून टाकत होती. शेअर बाजार पडलेला असताना गुंतवणूकदार आपलं खातं कमी वेळा उघडून बघतात, हे कार्लसन, लोवेनस्टीन आणि सेपी या अभ्यासकांनी २००९ साली आकडेवारीने दाखवलं होतं. त्याला शहामृगाचं नाव पडलं. (शहामृग वाळूत डोकं खुपसत नाही, बिचाऱ्यावर उगाच आळ आहे.) न बघण्याने त्या घडीला बरं वाटतं. फक्त न बघितलेला आकडा मनात फुगत जातो, आणि रात्री तीनला तो खऱ्यापेक्षा मोठाच असतो.

दुसऱ्या भेटीत चूक माझी झाली. ती इतकी कोमेजलेली होती की मी तिला स्टुडिओने दिलेल्या चांगल्या गोष्टींची यादी करायला सांगितली. तिने केली, नीट अक्षरात, अकरा मुद्दे. कागद माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मॅडम, यादीने वीजबिल भरत नाही." मग हेही म्हणाली की सोन्याने सांधलेल्या जपानी भांड्यांचे फोटो तिला त्या वर्षात निदान वीस जणांनी पाठवलेत, आणि भांड्यांचाच धंदा असलेल्या बाईला फुटण्याचं कौतुक कुणी सांगू नये. आम्ही दोघी हसलो. त्या हसण्यानंतर ती खरं बोलायला लागली.

मी म्हटलं, धंद्याचं राहू द्या, तुमचा मंगळवार सांगा. अगदी कुलूप उघडण्यापासून.

तिने सांगितलं. समोरचे सगळे दिवे लावते, कुणी आलेलं नसलं तरी. दुपारपर्यंत ब्रश धुते, धुतलेलेच. संध्याकाळी भट्टी लावते. मंगळवारी एक आणि शुक्रवारी एक.

"दर वेळी भरते भट्टी?"

"नाही ना. अर्धी असते. कधी अर्ध्याहून कमी."

भट्टीतलं मला काही कळत नव्हतं, म्हणून विचारत गेले. ग्लेझची भाजणी साधारण हजार अंश सेल्सिअसला होते. तापायला सात-आठ तास, आणि निवायला त्याहून जास्त. घाईने झाकण उघडलं तर गार हवेच्या झटक्याने भांडी तडकतात. आत भांड्याला भांडं टेकलेलं चालत नाही, ग्लेझ वितळून दोन्ही जन्माची जोडली जातात. म्हणून लावणं हेच कसबाचं काम. आणि वीज मुख्यतः भट्टीच्या विटा आणि आतल्या फळ्या तापवण्यात जाते, त्यामुळे बारा मग असोत की चाळीस, बिल जवळजवळ तेवढंच. प्रत्येक भाजणीला आतल्या तारा थोड्या झिजतात, त्या वेगळ्या.

"मग आठवड्यातून एकदाच भरून का लावत नाही?"

"लोक वाट बघतात ना."

"कुणी तक्रार केली?"

बराच वेळ गेला. "नाही. पण दहा दिवस लागतील म्हटलं तर त्यांना कळेल ना."

"काय कळेल?"

"की भट्टी भरत नाही."

माझ्या दृष्टीने सगळी केस या एका वाक्यात आहे. मंदी बाहेर होती, खरी होती, आणि तिच्यावर समुपदेशनाचा काही इलाज नाही. पण महिन्यातल्या आठ भाजण्यांपैकी चारेक ती लाजेपोटी लावत होती. हा एकच धागा ओढला आणि बाकीचं आपोआप बाहेर आलं. बुकिंगला आगाऊ रक्कम मागायची नाही, गरजू दिसू म्हणून. कोऱ्या भांड्यांचा भाव वाढला तरी आपला वाढवायचा नाही. मदतनीस मुलीचे तास कमी करायचे नाहीत, कारण ते तिच्या तोंडावर सांगावं लागेल; त्यापेक्षा तिचा पगार दीड वर्ष स्वतःच्या बचतीतून. घरी यातलं कुणाला काही ठाऊक नाही. आणि मागच्या खोलीत एक अख्खी फळी, रंगवून भाजून तयार असलेल्या, कधीच कुणी न्यायला न आलेल्या भांड्यांची. प्रत्येकाच्या बुडाला नाव आणि तारीख. साध्या पेन्सिलीने लिहिलेलं भट्टीत जळून जातं, म्हणून ही अंडरग्लेझच्या पेन्सिलीने लिहायची, ते राहतं. सगळ्यात जुनी तारीख तीन वर्षांपूर्वीची.

आर्थिक ओढगस्तीत आलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न आडपडदा न ठेवता विचारते: जगणं नकोसं वाटतं का? असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट बोलायला वाट मिळते. ती म्हणाली, तसं काही करणार नाही. मग खाली बघत म्हणाली, "झोपेतून जागच आली नाही तर बरं, असं मात्र वाटतं." हे वाक्य मी कधीच सोडून देत नाही. किती वेळा वाटतं, त्यापुढे काही मनात येतं का, घरात कोण असतं, सगळं विचारलं. झोप आणि भूक गेलेली होती म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आणि पहिल्यांदाच ठामपणे काहीतरी सांगितलं: स्टुडिओचं काय करायचं ते नंतर बघू, पण तुमच्या मनात काय चाललंय हे घरात एका माणसाला या आठवड्यात कळायला हवं.

"ह्यांना सांगू? दीड वर्षानंतर?"

"आकडा लिहून न्या. नुसतं 'अडचण आहे' म्हणू नका."

आकडा काढायला ती आधी हिशेबनीसाकडे जाऊन आली, ते मीच सुचवलं होतं. बचतीतलं किती गेलं, किती राहिलं, महिन्याला किती कमी पडतं, एका कागदावर. मनात फुगलेल्या आकड्यापेक्षा खरा आकडा लहान निघाला. फार लहान नव्हे. नवरा त्या रात्री काही बोलला नाही, दुसऱ्या रात्री चिडून बोलला, आणि तिसऱ्या दिवशी कागद पुन्हा मागून घेऊन बसला. त्याला पैशांपेक्षा हे जास्त लागलं होतं की शुक्रवारी भट्टी लावून उशिरा येणाऱ्या बायकोला तो "आज गर्दी होती वाटतं" म्हणायचा आणि ती हो म्हणायची. ती जखम भरायला वेळ लागला. माझ्या खोलीत ती पुरती भरली असं मी म्हणणार नाही.

त्यानंतरच आम्ही मूळ प्रश्नाला हात घातला. तिचा मुद्दा एकच होता: "एवढं घातलंय, आता सोडू कशी?" बुडालेल्या पैशाची ही ओढ सगळ्यांना असते. आर्क्स आणि ब्लूमर या अभ्यासकांचा १९८५ सालचा एक प्रयोग मी अशा वेळी सांगते. नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत दिली गेली. कुणाला काय मिळेल ते नशिबावर. हंगामाच्या पहिल्या भागात पूर्ण किंमत मोजलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. गेलेला पैसा वसूल करायला माणूस आणखी वेळ घालतो, आणि तिच्यासारखा आणखी पैसाही.

म्हणून मी तिला विचारलं, "समजा हा स्टुडिओ दुसऱ्या कुणाचा आहे. आज आहे तसा, भट्टीसकट, तुम्हाला फुकट चालवायला देतायत. घ्याल?"

मला वाटलं ती नाही म्हणेल, किंवा रडेल. ती हिशेब करत बसली. मग म्हणाली, "सोमवार ते शुक्रवारचा नाही घेणार. शनिवार-रविवारचा घेईन."

हे उत्तर मला सुचलं नसतं, आणि हिशेबनीसालाही सुचलं नव्हतं. चालू ठेवू की बंद करू या प्रश्नात ते मावतच नव्हतं. मी माझ्याच खुर्चीत बसून तिला सल्ला दिला असता तर या दोनपैकी एकच काहीतरी दिला असता, आणि तो चुकला असता.

पुढचं पटापट झालं, सगळं सोपं होतं असं मात्र नाही. आठवड्याचे पाच दिवस बंद. त्यात कुणी गट आगाऊ पैसे भरून आला तरच उघडायचं. भट्टी भरेल तेव्हाच लागेल. मदतनीस मुलीला समोर बसवून खरं सांगितलं, ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, ताई." (बहुतेक वेळा लोकांना वाटलेलंच असतं. लपवण्यावर झालेला खर्च कुणाला फसवत नाही.) जागेच्या मालकाकडे भाडं कमी करायचा विषय काढला, तो नाही म्हणाला. काही गोष्टी नाहीच होत.

मी आग्रह धरला तो एका रेषेचा. मन शांत असताना एका कागदावर दोन गोष्टी लिहायच्या: बचत कुठल्या आकड्याखाली जाऊ द्यायची नाही, आणि पुन्हा विचार कुठल्या तारखेला करायचा. आकडा आधी गाठला तर त्या दिवशी थांबायचं. नाहीतर त्या तारखेपर्यंत दर रिकाम्या शनिवारी खटला पुन्हा चालवायचा नाही. तिने आणि नवऱ्याने दोघांनी सही केली. सही माझी कल्पना नव्हती, त्याची होती.

रात्रीच्या विचारांसाठी जुनाच उपाय लागू पडला. बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तो तपासला होता: काळजी करायला रोज एक ठरलेला अर्धा तास, ठरलेल्या एकाच जागी, इतर वेळी काळजी आली तर तिला त्या वेळेवर ढकलायची. तिने संध्याकाळी सहा ते साडेसहा निवडलं आणि जागा ठरवली जिन्यातली पायरी. पहिले काही दिवस हे बालिश वाटतं, तिलाही वाटलं. महिन्याभरात ती म्हणाली, कधीकधी पायरीवर बसते आणि दहा मिनिटांत विषय संपतो, मग नुसतीच बसते. गोळ्यांनी झोपही परतली होती, त्याचा वाटा मी नाकारत नाही.

मागच्या फळीचं काय करायचं हे तिने मला विचारलंच नाही. नावांना मेसेज केले, एक महिन्याची मुदत दिली. जवळपास निम्मे येऊन घेऊन गेले. एका बाईंना आठवतच नव्हतं आपण काय रंगवलं होतं. हातात घेतल्यावर म्हणाल्या, रंग किती गडद झालेत. होतातच. ब्रशने लावताना ते खडूसारखे फिके दिसतात.

ठरलेल्या तारखेला बचत रेषेच्या थोडी वर होती. तिने नवा कागद केला, सहा महिन्यांचा. आठवड्यातले चार दिवस ती आता दुसरीकडे अर्धवेळ काम करते, ते तिला फारसं आवडत नाही.

मागच्या भेटीत बोलता बोलता तिचा फोन वाजला. एरवी ती बंद ठेवते, त्या दिवशी विसरली होती. घ्या, मी म्हटलं. पलीकडून कुणीतरी मग कधी मिळेल विचारत होतं.

"दहा दिवस तरी लागतील," ती म्हणाली. "भट्टी भरली की लावते."

आणि फोन पिशवीत टाकून, आम्ही कुठे होतो, म्हणाली.