वाचकांचे प्रश्न : कॉटनसाहेब आणि पार्लमेंटातील प्रश्न

प्रश्न : आमचे पणजोबा जळगावच्या एका जिनात (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) मुनीम होते. त्यांच्या वहीत शके १८२९ च्या श्रावणात अशी नोंद आहे : ‘कॉटनसाहेबांनी पार्लमेंटात प्रश्न टाकला. सरकारास उत्तर देणे जड गेले.’ हे कॉटनसाहेब कापूस खात्याचे अधिकारी असावेत, अशी आमच्या घरातली समजूत आहे. ती बरोबर आहे काय? पार्लमेंटात प्रश्न टाकल्याने त्या काळी काय साधत असे? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : घरातली समजूत नावसाधर्म्यामुळे झालेली दिसते. सरकी, रुई आणि गठाणी यांच्या हिशेबात आयुष्य गेलेल्या माणसाच्या वहीत ‘कॉटन’ हा शब्द दिसला की कापूसच आठवावा, हे खानदेशात स्वाभाविक आहे. तथापि हे नाव आडनाव आहे. सर हेन्री कॉटन यांचा जन्म १८४५ मध्ये तमिळ मुलखातील कुंभकोणम येथे झाला. सनदी सेवेत ते बंगालकडे होते आणि १८९६ ते १९०२ या काळात आसामचे चीफ कमिशनर होते. चहाच्या मळ्यांतील मजुरांची मजुरी वाढावी असा आग्रह त्यांनी तेथे धरला. त्यामुळे मळेवाल्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला आणि लॉर्ड कर्झन यांच्याशीही त्यांचे पटले नाही. निवृत्तीनंतर १९०४ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेचे (काँग्रेसचे) ते अध्यक्ष होते, आणि हिंदुस्थानातील स्वतंत्र प्रांतांचे एक संयुक्त संघराज्य व्हावे हे ध्येय त्यांनी त्या व्यासपीठावरून उघडपणे मांडले. १९०६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाची लाट आली, तेव्हा पूर्व नॉटिंगहॅममधून ते कॉमन्स सभागृहात निवडून गेले आणि १९१० च्या जानेवारीतील निवडणुकीत पराभूत होईपर्यंत तेथे होते. शके १८२९ म्हणजे १९०७; वहीतील नोंद त्यांच्या या चार वर्षांतली आहे.

आता प्रश्नाविषयी. हिंदुस्थानच्या कारभारावर बोलण्यास सभासदाला दोनच मोठ्या वाटा होत्या : वर्षातून एकदा होणारी हिंदी अंदाजपत्रकावरची चर्चा आणि रोजचा प्रश्नोत्तरांचा वेळ. हिंदुस्थान-मंत्र्याचा पगार त्या वेळी ब्रिटिश तिजोरीतून नव्हे, तर आपल्याच करांतून दिला जात असे. ही स्थिती १९१९ च्या कायद्यापर्यंत टिकली. त्यामुळे तो पगार मंजूर करताना मंत्र्यास जाब विचारण्याची जी संधी इतर खात्यांच्या बाबतीत पार्लमेंटला मिळे, ती आपल्या बाबतीत मिळत नसे. अंदाजपत्रकाची चर्चाही बहुधा अधिवेशनाच्या शेवटी, रिकाम्या बाकांसमोर होई. एवढ्या मोठ्या देशाचा हिशेब असा उरकला जावा, याची खंत मला हे वृत्तांत वाचताना दर वेळी वाटते. त्यामुळेच प्रश्नाला महत्त्व होते. १९०२ च्या नियमबदलानंतर ज्या प्रश्नापुढे तारा छापलेला असेल त्याचे उत्तर तोंडी आणि इतरांचे लेखी, अशी विभागणी झाली. आपल्या विधिमंडळातील ‘तारांकित प्रश्न’ हा शब्द त्याच पद्धतीची आठवण आहे. प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागे, मंत्री इंडिया ऑफिसकडून (लंडनमधील आपल्या खात्याकडून) मजकूर मागवी, आणि माहिती नसेल तर कलकत्त्यास किंवा सिमल्यास तार जाई. ‘चौकशी करण्यात येईल’ हे उत्तर आपल्याला पोकळ वाटते, पण त्या उत्तरामागे एखाद्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास खुलासा लिहावा लागे, हे विसरता कामा नये.

१९०७ च्या मे-जून महिन्यांत लाला लजपतराय व अजितसिंग यांना १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली, कोणताही खटला न चालवता, मंडालेस पाठवण्यात आले. कॉटन आणि त्यांचे सहकारी सभासद यांनी त्यावर प्रश्नांची पाठ सोडली नाही. हिंदुस्थान-मंत्री जॉन मोर्ले स्वतः उदारमतवादाचे नामवंत लेखक असल्याने आरोपाशिवाय माणूस अडकवून ठेवण्याचे समर्थन त्यांना खरोखरच जड जात होते. पणजोबांची नोंद बहुधा याच प्रकरणासंबंधी असावी. त्या नोव्हेंबरात दोघांची सुटका झाली. केवळ प्रश्नांमुळे ती झाली असे मी म्हणणार नाही. मात्र दर आठवड्याला उठून कारण सांगावे लागणे हे मंत्र्यावरचे ओझे होते, आणि ते ओझे या मूठभर सभासदांनी कमी होऊ दिले नाही.

प्रश्न : इंग्लंडमधले सभासद आपल्या गिरण्यांतील व जिनांतील मजुरांसाठी प्रश्न विचारत, हे परोपकारच म्हणायचे ना? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : सर्वांच्या बाबतीत नाही, आणि म्हणूनच प्रश्न विचारणारा कोणत्या मतदारसंघाचा, हे आधी पाहावे. १८९६ पासून हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर होता. तो इंग्लंडमधील कापड-गिरण्यांचा मुलूख असलेल्या लँकेशायरच्या दबावाने बसला होता आणि १९२५ पर्यंत हटला नाही. त्याच लँकेशायरचे सभासद हिंदी कारखान्यांतील कामाच्या तासांविषयी कळवळ्याने विचारत, तेव्हा स्वस्त हिंदी मालाची स्पर्धाही त्यांच्या मनात असे. असे असले तरी विचारलेली गोष्ट खोटी ठरत नाही. जिनांचा हंगाम थोडक्या महिन्यांचा असल्याने वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने जुन्या कायद्यातून सुटत, आणि भर हंगामात बायाबापड्या पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत. १९०७ ची समिती आणि १९०८ चा कारखाना-मजूर आयोग यांच्यानंतर आलेल्या १९११ च्या कायद्याने हंगामी कारखानेही कक्षेत आणले आणि कापड-गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. हेतू मिश्र असलेल्या प्रश्नांतूनही आपल्या जिनातील बाईला काही मिळाले, आणि मला ते मोलाचे वाटते. कीर हार्डी यांच्यासारख्या मजूर पक्षाच्या सभासदाची गोष्ट वेगळी. १९०७ च्या उत्तरार्धात ते स्वतः हिंदुस्थानात फिरून गेले आणि पुण्यास लोकमान्य टिळकांना भेटले.

प्रश्न : टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेबद्दल मोर्ले यांनी कॉमन्समध्ये काय उत्तर दिले? मला त्यांच्या नावाखाली काही सापडत नाही. (एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर : सापडणार नाही. मोर्ले १९०८ च्या वसंतातच उमराव होऊन लॉर्डांच्या सभागृहात गेले होते. २२ जुलैला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कॉमन्समध्ये हिंदुस्थानविषयक उत्तरे उपमंत्री ब्यूकॅनन देत असत. त्यांच्या नावाखाली शोधावे.

हॅन्सार्ड हा पार्लमेंटचा अधिकृत वृत्तांत आता इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. मात्र १९०९ पूर्वीचे खंड वापरताना एक काळजी घ्यावी. त्या वर्षापासून पार्लमेंटने स्वतःचे लेखनिक नेमून जवळजवळ शब्दशः वृत्तांत छापण्यास आरंभ केला. त्याआधीची बरीच भाषणे संक्षेपाने आणि तृतीय पुरुषात दिलेली आहेत, तेव्हा त्यांतील वाक्य वक्त्याच्या तोंडचे म्हणून अवतरणचिन्हांत घालू नये. प्रश्नातील विधान हा विचारणाऱ्याचा आरोप असतो आणि उत्तर ही मुंबई किंवा कलकत्ता सरकारने पुरवलेली बाजू असते. दोन्हींची पडताळणी त्या आठवड्यांतल्या ‘केसरी’च्या अंकांशी करावी.

आपल्या भागाचा उल्लेख शोधताना धुळ्यासाठी ‘धुलिया’ हे इंग्रजी रूपही घालून पाहावे, आणि १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले हे लक्षात ठेवून तिन्ही नावांनी शोध घ्यावा. जळगावच्या वाचकांनाही येथेच सांगतो : शके १८२९ चा श्रावण १९०७ च्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला, आणि त्या वर्षीचे अधिवेशन २८ ऑगस्टला संपले. विलायतेची टपाल येण्यास दोन-तीन आठवडे लागत, तारेची बातमी मात्र लगेच येई. तेव्हा जुलैच्या आरंभापासून अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंतची कॉटन यांच्या नावाखालील पाने क्रमाने चाळावीत.