घोड्याचा दमा प्रोजेक्टला घेतोयस तर आधी हे वाच

तुझा मेसेज वाचला, माणसाचा दमा समजून घ्यायला घोडा वापरायचा म्हणतोयस. गाईड म्हणतात उंदरावर कर, लवकर उरकतं. उरकतं हे खरंय, पण उंदराला आपोआप दमा होत नाही, अंड्यातलं प्रोटीन वगैरे देऊन तो मुद्दाम आणावा लागतो. घोड्याला आपसूक होतो, बहुतेक सातेक वर्षांच्या पुढं, कोंदट तबेला आणि बुरशी धरलेला धुळकट चारा एवढं पुरतं. मोकळ्या हवेत हिरव्या चाऱ्यावर ठेवला की काही आठवड्यांत धाप कमी होते, परत धुळकट चाऱ्यावर आणला की तासा-दिवसांत सुरू. म्हणजे एकच जनावर दम्यात पण बघता येतं आणि बरं असताना पण, दोन्ही वेळेला दुर्बीण घालून श्वासनलिकेचा तुकडा घेता येतो, आणि आजार वर्षानुवर्षं मुरलेला असतो, माणसासारखाच.

पण हुरळून जाऊ नकोस. सीव्हिअर दम्यात घोड्याचं फुप्फुस धुवून जे पाणी काढतात त्यातल्या पेशींपैकी न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बहुधा 25 टक्क्यांच्या वर असतात, निरोगी घोड्यात 5 च्या आसपास किंवा कमीच. माणसात पुष्कळदा इओसिनोफिलचा (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) दमा असतो, त्या पेशंटबद्दल घोडा फारसं सांगणार नाही, इथंच लोक घोड्याला सरसकट माणसाच्या दम्याचं "मॉडेल" म्हणून मोकळे होतात. घोडा कामाचा आहे तो न्यूट्रोफिलवाल्या, स्टिरॉईडला (सूज उतरवणारं औषध) नीट दाद न देणाऱ्या पेशंटसाठी. स्टिरॉईडनं घोड्याचा श्वास सुधारतो, पण चारा तोच ठेवला तर न्यूट्रोफिल तिथंच. असं का, माझ्या मते तुझा प्रोजेक्ट हाच.

आता आपल्या सोलापूरचं. पुस्तकात विलायती गवत असतं, इथं ज्वारीचा कडबा, गंजीत पावसाचं पाणी मुरलं की आतून बुरशी. लग्नातल्या घोडेवाल्यांकडं जा, दिवाळीला अकलूजच्या बाजारात जा, आणि श्वास सोडताना पोट बघ, जुनाट दम्यात बरगडीमागं रेघ उमटलेली असते कारण हवा बाहेर ढकलायला पोटाचा जोर लावावा लागतो. कडबा रोज झटकणाऱ्यालाही खोकल्याचं विचार, धूळ दोघांच्या छातीत जाते. कडबा भिजवून द्यायला सांग, पण लगेच खाऊ घालायचा, आपल्या उन्हात आंबायला वेळ लागत नाही.

आणि घोडा मालकाचं पोट आहे, तुझं सॅम्पल नाही. फुप्फुस धुण्याआधी मालकाला काय सांगणारेस ते मराठीत लिहून मला पाठव, मग गाईडशी बोलतो.