वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर मावशीला भेट काय द्यावी?

मावशीचं बेरिअ‍ॅट्रिक ऑपरेशन झालंय, आठवड्याभरात भेटायला जायचंय, तर उपयोगी पडेल असं काय न्यावं, असं विचारलंयस. काय न्यायचं नाही ते आधी सांगते. वजनकाटा.

माझं स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन, होऊन चार वर्षं झाली. घरी येऊन दोन दिवस होत नाहीत तोच थोरला दादा नवाकोरा डिजिटल काटा घेऊन हजर, फोनला जोडला जाणारा, आणि ॲप त्यानेच टाकून दिलं, म्हणजे माझा आकडा त्यालाही दिसणार. हेतू चांगला होता, नाही म्हणत नाही. पहिले दोन आठवडे वजन भराभर उतरलं, दादा खूश, घरच्या ग्रुपवर रोज आकडा टाकायचा, मॅचचा स्कोअर टाकावा तसा. तिसऱ्या आठवड्यात काटा हलेना. नऊ दिवस तोच आकडा. हे बहुतेकांचं होतं, सुरुवातीला शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आणि त्याच्याबरोबरचं पाणी जातं म्हणून आकडा झपकन पडतो आणि मग अडतो, पण हे मला नंतर कळलं. दादाचा फोन आला, "चोरून खातेस का गं?" अरे, तीस मिली पाणी संपवायला मला पंधरा मिनिटं लागत होती, सूपचा वास आला तरी मळमळायचं, चोरून काय खाणार, कप्पाळ! त्या दिवशी खूप रडले.

आणि त्याचीच बायको, माझी वहिनी, ती आली रिकाम्या हाताने. काही बोलली नाही, ओल्या कपड्यांची बादली उचलली आणि वाळत घालून आली. मला चार-सहा आठवडे जड उचलायला बंदी होती आणि घरात ते कोणाच्या लक्षातच नव्हतं. मग रोज संध्याकाळी यायची, चल म्हणायची, आधी घरातल्या घरात, मग गेटपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. चालणं तसंही सांगितलेलंच असतं, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून, पण एकटीला उठवत नाही. तर माझ्या मते सगळ्यात मोठी भेट ही.

वस्तूच न्यायची असेल तर खुणा असलेली पाण्याची बाटली ने, दिवसाला दीड-दोन लिटर घोट घोट करत जायला हवं आणि किती गेलं याचा हिशोब राहत नाही. लहान मुलांचा चमचा, छोटी वाटी. गोळ्यांचा कप्पे असलेला डबा मात्र नक्की, कारण लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नसतं, मध्ये दोन तास तरी जायला लागतात. कपडे आत्ता नको, दोन महिन्यांत ढगळ होतात. सेंट, सुवासिक मेणबत्त्या वगैरे अजिबात नको.

आणि मावशीसमोर "सोपा मार्ग निवडलास" असं कोणी बोललं तर तिथेच गप्प कर. दादा अजून म्हणतो, शॉर्टकट मारलास. जठराचा पाऊण भाग काढून टाकलाय माझा, जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, व्हिटॅमिन्स जन्मभर, वर्षातून रक्ताच्या तपासण्या, चौथ्या महिन्यात केस पुंजक्याने गळले (परत आले, पण तेव्हा कोणाला माहीत येतील म्हणून). असला कसला शॉर्टकट? त्याआधी दहा वर्षं डाएट करत होते ते त्याने बघितलेलं आहे की.

हां, एक राहिलं. प्रोटीन पावडर न्यायचा विचार असेल तर आधी तिच्या डाएटिशियनला विचार, साखरवाली निघाली तर बायपासवाल्यांना (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून थेट आतड्याला जोडतात ते) डम्पिंग होतं, म्हणजे खाल्लेलं झपकन आतड्यात उतरतं आणि मग घाम, धडधड, पोटात कळा, सगळंच. तिचं बायपास की स्लीव्ह ते तू लिहिलं नाहीस. आणि काही जणांना स्वतःला काटा हवा असतो, मावशीने मागितला तर दे बापडा, फक्त ॲप तिच्याच फोनवर टाक.

हे उत्तर दादालाही पाठवतेय. वहिनी वाचून दाखवेल.