तीनच दिवस जा

शहापूर, बेळगाव

पोरी,
अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. जिम लावून तीन आठवडे झाले, ताकद यायची सोडून होती तीही गेली, दुपारी मशीनपुढं डोळे मिटतात, आणि आई रोज विचारते, "एवढं दमून येतीस तर जातीस कशाला?" आईचा प्रश्न रास्त आहे. पण त्यावर जिम सोडायची गरज नाही. आणि "माझं अंगच कमकुवत आहे" असं जे तू ठरवून बसलीस, ते तर साफ चूक.

तुझा दिवस मांडून बघ. पहाटे पाचला उठायचं, खानापूरहून बस धरायची, उद्यमबागेत उतरून कारखान्यात आठ तास उभ्यानं काम करायचं. सुटलं की जिम, तीही सोमवार ते शनिवार, रोज दीड तास. घरी पोचायला साडेनऊ, जेवून फोन बघत बारा. यात दमणूक उतरायला जागा कुठं आहे? सहा दिवसांचं हे वेळापत्रक तू फोनवरच्या कुणा मुलीचं उचललंस. व्यायाम करणं आणि तो दाखवणं हाच तिचा धंदा. तिला सकाळी कारखान्यात हजेरीचं पंचिंग करायचं नसतं.

आधी दुखण्याचं सांगते, कारण दुखणं आणि थकवा तू एकाच पोत्यात भरलेस. जिना उतरताना मांड्या धरतात, हात वर करून केस बांधता येत नाहीत, हे नव्या व्यायामाचं दुखणं. लॅक्टिक ॲसिड साठतं म्हणून दुखतं असं तुझा ट्रेनर म्हणाला, ते सोडून दे. व्यायामात तयार होणारं लॅक्टेट तासाभरात निघून जातं, आणि तुझं दुखणं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं. वजन खाली आणताना, म्हणजे स्क्वॉटला (वजन खांद्यावर घेऊन बैठक) बसताना किंवा डंबेल हळू उतरवताना, स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी भारही पेलत असतो. सवय नसली की त्यात बारीक इजा होते, सूज येते, आणि ती भरून निघेपर्यंत दुखतं. २४ ते ७२ तास जोर असतो, मग उतरतं. तोच व्यायाम आठवड्याभरात पुन्हा केलास की दुखणं बरंच कमी येतं. म्हणून तर दर आठवड्याला नवे नवे प्रकार करू नकोस. तू तीन आठवड्यांत तीनदा व्यायाम बदललेस आणि तीनदा पहिल्या दिवसाचं दुखणं विकत घेतलंस.

आमच्या गल्लीतल्या तालमीत नव्या पोराचं अंग धरलं की वस्ताद त्याला घरी बसू देत नसत. निम्म्या बैठका काढायला लावत. मुलींना त्या तालमीत पाऊल टाकायची सोय नव्हती, त्यामुळं हे सगळं मी भावाच्या कण्हण्यावरून शिकले. पण रीत बरोबर होती. दुखत असताना थोडं चालणं, हलक्या हातानं तेच करणं चांगलं. रोज दुखण्याची गोळी घेऊन जिमला जाणं मात्र बंद कर.

आता खरा थकवा. तो वजनामुळं कमी आणि व्यायामाच्या दिवसांच्या गर्दीमुळं जास्त आलाय. पुढचे सहा आठवडे सोमवार, बुधवार आणि शनिवार, एवढेच दिवस जा. पाय, पाठ, छाती असे वेगळे दिवस करू नकोस. नव्या माणसाला त्याचा उपयोग नाही. तिन्ही दिवस सगळं अंग, पाच व्यायाम: स्क्वॉट, डंबेल घेऊन छातीचा प्रेस (म्हणजे ढकलणं), ओढायचा एक प्रकार, हलकी डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), खांद्याचा प्रेस. पहिले दोन आठवडे प्रत्येकी दोन सेट, नंतर तीन. एका सेटला आठ ते बारा रेप, म्हणजे तितक्या वेळा तीच उचल. पाऊण तासात बाहेर. आणि प्रत्येक सेटला अजून दोन-तीन रेप निघाल्या असत्या असं वाटतं तिथंच वजन खाली ठेव. शेवटची रेप थरथरत काढली नाही तर फुकट, असं जो सांगतो त्याला सांगू दे. पहिल्या महिना-दीड महिन्यात वाढते ती ताकद बरीचशी मेंदू आणि मज्जातंतू ती हालचाल शिकतात म्हणून वाढते. शिकायला स्वच्छ रेप लागतात, आणि दमलेल्या अंगातून त्या निघत नाहीत. वजनं लावायचा लोखंडी बार रिकामाच बहुधा २० किलोचा असतो. तोही जड गेला तर डंबेलवर ये. घाई केली की बिघडतंच. तुमच्या खात्यात गरम कास्टिंग, म्हणजे ओतलेला धातू, घाईनं साच्यातून काढलं तर ते कसं तडकतं, ते तू माझ्यापेक्षा जास्त बघतेस.

शिफ्ट बदलते त्या आठवड्यात व्यायाम निम्मा. यावर चर्चा नको.

खाण्यावर जरा जास्त लिहिते, कारण तुझा डबा मला माहीत आहे. भात, आमटी, लोणचं, कधी बटाट्याची भाजी. एक वाजता जेवलीस की सहापर्यंत चहा आणि दोन बिस्किटं, आणि त्याच रिकाम्या पोटी बार खांद्यावर. तुला जिममध्ये भोवळ आल्यासारखं होतं ते इथून. पाच वाजता काहीतरी खाऊन घे. आपल्याकडं रताळ्यांना तोटा नाही. दोन मध्यम रताळी उकडून डब्यात ठेव, नाहीतर केळी. दमतेस म्हणून भात बंद करायचा विचार तर अजिबात नको. वजन उचलायला लागणारं इंधन तेच.

प्रोटीनचा हिशोब सोपा आहे. रोजच्या जगण्याला किलोमागं सुमारे ०.८३ ग्रॅम पुरतं, वजन उचलणाऱ्याला १.२ ते १.६ लागतं. तू ५२ किलोची, म्हणजे साठ ते ऐंशी ग्रॅम. दोन अंडी १२, पाव लिटर दूध ८, मूठ-दीड मूठ शेंगदाणे १२, अख्ख्या मसुराची दाट उसळ (५० ग्रॅम कोरडा मसूर) १२, सोयाचे तुकडे ३० ग्रॅम भिजवून भाजीत टाकले की १५. झाले की साठाच्या जवळ, भात-भाकरीतलं वेगळंच. पावडरचा डबा यात कुठंही आला नाही. परवडला आणि वेळ नसला तर घे, पण महिन्याच्या पगारातला एवढा तुकडा त्यावर घालवू नये असं मला वाटतं. जिमला जायच्या आधी पाण्यात ढवळून प्यायची ती रंगीत पूड तर नकोच. त्यात बहुतेक कॅफिन असतं. संध्याकाळी सहाला घेतलेलं कॅफिन रात्री अकरालाही निम्म्याच्या आसपास अंगात उरतं. मग बारापर्यंत फोन बघत बसतेस त्याचं नवल काय? चहाही चारनंतर थांबव. झोप सात तासांच्या खाली गेली तर बाकी सगळं मी लिहिलेलं वाया.

गुरुवारचा उपवास सोड असं मी म्हणणार नाही. तो तुझा आणि आईचा प्रश्न. मात्र नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढू नकोस, दही, दूध, शेंगदाणे, रताळी जास्त घे. गुरुवार-शुक्रवार दोन्ही मोकळे ठेवलेत, ते काही अंशी त्यासाठीच.

आता एक गोष्ट, जी ट्रेनर तुला विचारणार नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होतो असं तू मागं म्हणाली होतीस. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के ॲनिमियाच्या, म्हणजे रक्त कमी असलेल्या, निघाल्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर जिना चढतानाची धाप, दुपारची ग्लानी हे जिमचं नाहीच, ते रक्ताचं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२ आणि थायरॉईड, एवढ्या रक्ताच्या तपासण्या करून घे. तू मांस खात नाहीस, म्हणून बी१२ मुद्दाम. लोहाची गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नकोस, डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून घे. तोवर जेवणाला लागून चहा पिणं सोड, चहा अन्नातलं लोह फारसं अंगी लागू देत नाही. उसळीवर लिंबू पिळ, त्यानं लोह जास्त अंगी लागतं.

काही खुणांवर मात्र जिम नाही, दवाखाना. लघवी काळ्या चहासारखी झाली, स्नायू सुजून दगडासारखे झाले, तर त्याच दिवशी जायचं. स्नायू फार तुटून त्याचा भार मूत्रपिंडावर येतो तेव्हा असं होतं. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, किंवा गुडघा-खांद्यात एकाच जागी सुई टोचल्यासारखं दुखू लागलं, तरी थांब. सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, नाडी मोजत जा. रोजच्यापेक्षा दहा-एक ठोके जास्त असतील तर त्या दिवशी वजन अर्धं कर, नाहीतर फिरायला जा.

शेजारच्या काकू "पोरीच्या जातीनं जड उचलू नये" म्हणतात, असं तू लिहिलंस. त्यांना सांग, मीराबाई चानूनं २०२१ मध्ये टोकियोत ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक आणलं. नाही पटलं तर वाद घालत बसू नकोस, त्यातही ताकद जाते.

ह्या आठवड्यात शुक्रवारपर्यंत वजनाला हात लावू नकोस, नुसतं चाल आणि झोप. शनिवारी सुटलीस की इकडं ये, तुझा स्क्वॉट मला बघायचाय. टाचा उचलतेस असा संशय आहे. रक्ताचा कागद तोवर मिळाला तर आण. आईलाही घेऊन ये, डब्याचं तिच्याशीच बोलावं लागेल. रात्री मुक्कामाला राहा, शेवटच्या बसच्या मागं धावायला नको.

तुझी,
मावशी